आधी कीर्द, मग खतावणी

बार्शीच्या बाजारपेठेत आमच्या आजोबांचं अडतीचं दुकान होतं. तिथल्या दिवाणजींचा एक नियम मला शाळेत जायच्या आधीच पाठ झाला होता : आधी कीर्द, मग खतावणी. शेतकऱ्याची तूर आली, काट्यावर चढली, सौदा झाला, की पहिली नोंद रोजकीर्दीत. जशी घडली तशी, एकीखाली एक. ज्याच्या त्याच्या खात्यावर ती चढवायची, म्हणजे खतावायची, ती दुपारी गर्दी ओसरल्यावर. कीर्दीत खाडाखोड चालत नसे. चूक झाली तर ती तशीच ठेवून खाली उलटी नोंद करायची. संध्याकाळी रोकड मोजून शिल्लक जुळली की हमाल कीर्द उचलून आतल्या खोलीतल्या तिजोरीत ठेवून येई. तो परत येऊन ‘ठेवली’ म्हणेपर्यंत दिवाणजी टोपी घालत नसत. खतावणीच्या जाड वह्या मात्र बाहेर फळीवरच असत.

एका उन्हाळ्यात दुकानाला आग लागली. फळी गेली, वह्या गेल्या. तिजोरी काळीठिक्कर पडली, पण उघडली तेव्हा आतली कीर्द शाबूत होती. मग दिवाणजी आणि माझे वडील रात्री जागून बसले. आदल्या पाडव्याला पुढे ओढलेल्या बाक्या घ्यायच्या, तिथपासूनची एकेक नोंद वाचायची आणि नव्या वहीत खतावायची. संपूर्ण खतावणी पुन्हा उभी राहिली. एकाही शेतकऱ्याचा रुपया इकडचा तिकडे झाला नाही, असं आजी सांगायची.

हे सगळं मी पुढे विसरलो. सोलापुरात इंजिनिअरिंग झालं, पुण्यात नोकरी लागली, सर्व्हरच्या बाजूचं काम वाट्याला आलं. तिसऱ्या वर्षी एका दुपारी पोस्टग्रेस या डेटाबेसची पुस्तिका वाचत होतो आणि ‘राइट अहेड लॉग’ या प्रकरणाशी थबकलो. डेटाबेसमध्ये कुठलाही बदल करायचा तर तो मूळ टेबलात पक्का करण्याआधी एका सलग नोंदवहीत लिहायचा. ती नोंद डिस्कवर पोचल्यावरच विचारणाऱ्याला ‘झालं’ म्हणून सांगायचं. टेबलं नंतर सावकाश बदलायची. मध्येच वीज गेली, टेबलं अर्धवट राहिली, तरी नोंदवही पुन्हा वाचून सगळं जागेवर आणता येतं. वही पहिल्यापासून वाचावी लागू नये म्हणून दर काही मिनिटांनी एक खूण करायची : इथपर्यंतचं सगळं टेबलांत पोचलं आहे. तिला चेकपॉइंट म्हणतात.

मी वडिलांना फोन लावला. विचारलं, “दादा, आगीनंतर खतावणी लिहायला किती रात्री बसला होता तुम्ही?”

“अकरा,” ते म्हणाले. “का रे?”

त्यांना काय सांगावं ते मला पटकन सुचलं नाही. पण ज्या कामाकडे मी तोवर पगाराची नोकरी म्हणून पाहत होतो, ते त्या दुपारपासून माझं झालं.

बॅकएंड अभियंता काय करतो, हा प्रश्न मला आईपासून सोसायटीच्या सेक्रेटरीपर्यंत अनेकांनी विचारला आहे. फोनवर जे दिसतं, म्हणजे रंग, बटणं, चित्रं, ते दुसरे लोक करतात. बटण दाबल्यावर जे घडतं ते आमचं. तुमची मागणी कुठल्या मशीनकडे जावी, तिथे एकाच वेळी दहा हजार माणसं आली तर कुणाला थांबवावं, शेवटची एकच जागा दोघांनी एकाच क्षणी मागितली तर कुणाला द्यावी, आणि जे कबूल केलं ते मशीन जळालं तरी कसं टिकावं. नाटकात प्रयोग सुरळीत पार पडला तर प्रकाशयोजना सांभाळणाऱ्याची आठवण कुणाला होत नाही, तसं हे काम आहे. त्यात रमलेली माणसं मी वीसेक वर्षं पाहतो आहे. टाळ्या न मिळणाऱ्या कामावर त्यांचा जीव का जडतो, रात्री दहाला घरी पोचलेला माणूस पुन्हा एखादा जुना शोधनिबंध उघडून का बसतो, हे मला लिहायचं आहे. उत्तराचा बराचसा भाग त्या कीर्दीत आहे असं मला वाटतं.

पण आधी माझी चूक.

वडिलांशी झालेल्या त्या बोलण्यानंतर वर्षभरातली गोष्ट. मी ज्या कंपनीत होतो ती कॉलेजांची फी ऑनलाइन भरून घेण्याची यंत्रणा चालवत असे. माझा प्रोग्राम बँकेकडे मागणी पाठवायचा आणि तीस सेकंदांत उत्तर आलं नाही तर तीच मागणी पुन्हा पाठवायचा. मला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. जूनमधल्या एका सोमवारी बँकेकडची यंत्रणा मंदावली. उत्तरं चाळिसाव्या, पन्नासाव्या सेकंदाला येऊ लागली. पैसे पहिल्याच मागणीला कापले जात होते, फक्त तसं कळायला उशीर होत होता, आणि तोवर माझा प्रोग्राम दुसरी मागणी पाठवून मोकळा झालेला असे. संध्याकाळपर्यंत दोनशेहून अधिक पालकांच्या खात्यांतून फी दोनदा गेली. तक्रारींच्या गठ्ठ्यात एका वडिलांचं मराठीत लिहिलेलं पत्र होतं. दुसऱ्यांदा गेलेले ४,२०० रुपये त्यांनी बियाण्यासाठी ठेवले होते. मृगाचे दिवस होते. पैसे परत जायला नऊ दिवस लागले, आणि पेरणी कुणासाठी नऊ दिवस थांबत नाही. त्या पत्राची प्रत अजून माझ्याजवळ आहे.

उत्तर आलं नाही, म्हणजे काम झालं नाही, असा अर्थ मी काढला होता. तो चूक आहे, आणि तसा तो काढू नये याचं गणित माझ्या जन्माच्याही आधी मांडून झालं होतं. दोन डोंगरांवर एकाच पक्षाचे दोन सेनापती आहेत, मधल्या दरीत शत्रू. दोघांनी एकाच वेळी चाल केली तरच विजय. निरोप न्यायला जासूद, पण तो दरीत पकडला जाऊ शकतो. ‘पहाटे चाल करू’ असा निरोप पहिल्याने पाठवला. तो पोचला हे त्याला कळायला दुसऱ्याचं उत्तर यायला हवं. ते उत्तर पोचलं हे दुसऱ्याला कळायला पुन्हा पहिल्याचा निरोप हवा. ही साखळी कुठेच संपत नाही. कितीही जासूद पाठवले तरी दोघांना पुरती खात्री होणं अशक्य आहे, हे १९७५ च्या एका निबंधात दाखवलं गेलं, आणि जिम ग्रे या अमेरिकी संशोधकाने १९७८ मध्ये त्याला ‘दोन सेनापतींचा पेच’ हे नाव दिलं. मी तो निबंध चूक झाल्यावर वाचला. आधी वाचला असता तर, हा विचार मला बरेच महिने सोडत नव्हता. त्यानंतर मी वाचायचं थांबवलेलं नाही.

पेच सुटत नाही, पण त्याच्यासकट जगता येतं. प्रत्येक मागणीला पाठवणाऱ्यानेच एक क्रमांक द्यायचा. तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला तर समोरच्याने काम पुन्हा करायचं नाही, पहिलं उत्तर काढून तेच परत द्यायचं. आमच्या दुकानात शेतकऱ्याला दिलेल्या हिशोबपट्टीवर क्रमांक असायचा तो याचसाठी. तीच पट्टी घेऊन माणूस पुन्हा आला तर दिवाणजी पैसे मोजत नसत, वही उघडून ‘मंगळवारी नेले की’ म्हणत.

आज हा पेच भाजीवाल्या मावशींच्या क्यूआर कोडपर्यंत आला आहे. यूपीआय चालवणाऱ्या राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाचं मुख्यालय मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. ११ एप्रिल २०१६ रोजी रघुराम राजन यांच्या हस्ते २१ बँकांना घेऊन यूपीआयचा प्रायोगिक आरंभ झाला तोही मुंबईतच. ऑगस्ट २०२५ मध्ये एका महिन्यात २,००० कोटींहून अधिक व्यवहार यावरून झाले. सेकंदाला सरासरी साडेसात हजारांच्या आसपास, आणि संध्याकाळी सात वाजता सरासरीचा उपयोग नसतो. या प्रत्येक व्यवहारात तुमच्या बँकेने नावे टाकायचं, समोरच्याच्या बँकेने जमा करायचं आणि मध्ये उभ्या असलेल्या यंत्रणेने दोघांचे निरोप न्यायचे. दोन डोंगर आणि मधली दरी. ‘पेंडिंग’ असं पडद्यावर येतं तेव्हा यंत्रणा प्रामाणिकपणे सांगत असते की जासूद अजून परतलेला नाही. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९ मध्ये यासाठी नियमच केला : एका खात्यातून पैसे गेले आणि दुसऱ्या खात्यात जमा झाले नाहीत, तर दुसऱ्या दिवसापर्यंत ते आपोआप परत आले पाहिजेत, नाही आले तर उशिराच्या प्रत्येक दिवसाला ग्राहकाला १०० रुपये भरपाई. मला हा नियम फार आवडतो. त्या बियाण्याच्या पत्राचं उत्तर त्यात आहे.

या लेखासाठी मी पुण्या-मुंबईतल्या काही सहकाऱ्यांना मुद्दाम भेटलो. ऐरोलीत एका बँकेच्या यंत्रणेवर काम करणारे एक गृहस्थ आहेत, पन्नाशी उलटलेले. त्यांच्याकडे शंभर पानी वह्या आहेत, अकरा. यंत्रणा बंद पडल्याचा प्रत्येक प्रसंग त्यांनी त्यांत हाताने, मराठीत लिहून ठेवला आहे. काय दिसलं, काय वाटलं, खरं काय निघालं. ‘वाटलं’ आणि ‘निघालं’ यांच्यासाठी दोन वेगळे रकाने आहेत. मी वही चाळत असताना ते म्हणाले, “या दोन रकान्यांत जेवढं अंतर, तेवढं मला त्या दिवशी येत नव्हतं. पहिल्या वहीत अंतर खूप आहे. अकराव्या वहीतही आहे, पण वेगळ्या जागी.”

दुसऱ्या एक बाई. नरिमन पॉइंटच्या एका कार्यालयात त्यांनी कोबोलमध्ये कामाला सुरुवात केली. आता लेकीच्या वयाच्या मुलांबरोबर गो भाषेत लिहितात. दर चार-पाच वर्षांनी नवं शिकण्याचा कंटाळा येत नाही का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, “भाषा बदलते हो, हिशोब तोच राहतो. पैसे एकीकडून गेले तर दुसरीकडे पोचले पाहिजेत. माझं चित्त त्यावर असतं. भाषा काय, पंधरा दिवसांत येते.” पंधरा दिवस ही त्यांची विनयशील अतिशयोक्ती होती. पण चित्त कशावर, हे त्यांनी बरोबर सांगितलं.

मी ज्याला पक्कं समजून पाय ठेवत होतो ती जमीन किती वेळा हलली, त्याची एक गोष्ट सांगतो. तंत्राची आहे, पण दुकानातून सांगितली की कळते.

पोस्टग्रेसची सुरुवात १९८६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर यांच्या प्रकल्पातून झाली. ती पुढे जगभरच्या लोकांनी मिळून वाढवली, आणि आज कुणीही तिचा कोड उघडून वाचू शकतं. तिच्यात आपल्या ओळखीचा अजून एक स्वभाव आहे. सातबाऱ्यावर तलाठी जुनं नाव खोडत नाही, कंस करतो आणि नवी नोंद लिहितो. पोस्टग्रेसही जुनी ओळ न पुसता नवी लिहिते, म्हणून मध्येच वाचणाऱ्याला अर्धवट चित्र दिसत नाही. याची किंमत म्हणजे पसारा, जुन्या ओळींचा. तो पुष्कळ कमी करणारी एक सुधारणा २००८ च्या ८.३ आवृत्तीत आली. ती मुख्यतः एका भारतीय अभियंत्याचं काम आहे, आणि आज जगात कुठेही पोस्टग्रेसमध्ये एखादी ओळ बदलली की अनेकदा ते काम चालतं. ज्यांच्यासाठी चालतं त्यांना त्याचं नाव ठाऊक नसतं.

तर अशा सावध, जुन्याजाणत्या डेटाबेसबद्दल मार्च २०१८ मध्ये क्रेग रिंगर या तिच्यावर काम करणाऱ्या अभियंत्याने एक विलक्षण गोष्ट पुढे आणली. एका ठिकाणी साठवणुकीच्या यंत्रात बिघाड होऊन माहिती खराब झाली होती, आणि पोस्टग्रेसला त्याचा पत्ताच नव्हता.

प्रोग्रामने फाइलीत लिहिलेलं लगेच डिस्कवर जात नाही. ऑपरेटिंग सिस्टिम ते आपल्या मेमरीत ठेवते आणि सवडीने डिस्कवर नेते. ‘आत्ता ने, आणि ठेवल्यावर सांग’ असं बजावायचं तर ‘एफसिंक’ नावाची आज्ञा द्यावी लागते. हा आमचा हमाल. आता समजा, एकदा खतावणीही तिजोरीत ठेवायची ठरली, हमाल ती घेऊन गेला आणि तिजोरीचं दार अडकलं. तो येऊन म्हणाला, ‘नाही ठेवता आली.’ दिवाणजी म्हणाले, ‘बरं, थोड्या वेळाने पुन्हा जा.’ थोड्या वेळाने विचारलं, ‘ठेवली?’ तो म्हणाला, ‘हो.’ पण तो परत गेलाच नव्हता. लिनक्समध्ये नेमकं हेच घडत होतं. लिहिणं फसलं की एफसिंक एकदा चूक कळवत असे आणि ते पान मेमरीत स्वच्छ, म्हणजे पोचलेलं, असं धरलं जाई. दुसऱ्यांदा विचारलं की उत्तर ‘सगळं ठीक’. पोस्टग्रेस त्या दुसऱ्या उत्तरावर विश्वास ठेवून चेकपॉइंटची खूण करत असे आणि तिच्या मागची कीर्द मोडीत काढत असे. खतावणी अर्धवट, आणि जिच्यावरून ती पुन्हा लिहिता आली असती ती कीर्दही गेली.

डेटाबेस लिहिणारे म्हणत, दुसऱ्यांदा विचारल्यावर यंत्रणा पुन्हा प्रयत्न करेल असं आम्ही धरलं होतं. ऑपरेटिंग सिस्टिम लिहिणारे म्हणत, असं आम्ही कधी कबूल केलं होतं? दोघांच्या म्हणण्यात तथ्य होतं. पोस्टग्रेस वीस वर्षं ही आज्ञा चुकीच्या समजुतीने वापरत आली, असं टोमास व्होंड्रा या अभियंत्याने २०१९ मध्ये ब्रसेल्सच्या परिषदेत आपल्या भाषणाच्या शीर्षकातच मान्य केलं. फेब्रुवारी २०१९ मध्ये दुरुस्ती आली, ती अशी : हमाल एकदा जरी ‘नाही’ म्हणाला, तरी त्याला पुन्हा विचारायचं नाही. दुकान तिथल्या तिथे बंद करायचं आणि कीर्दीवरून खतावणी नव्याने लिहायची.

ती सगळी चर्चा मी एका रात्रीत वाचली. माझ्या हाताखाली तेव्हा असे चौदा डेटाबेस चालू होते. पहाटे तीनला गॅलरीत उभा राहून मी कोथरूडचे दिवे बघत होतो. भीती वाटत होती हे खरं आहे. पण भीतीच्या बरोबरीने एक आनंदही होता. ज्या थरावर मी इतकी वर्षं उभा होतो त्याच्या खाली आणखी एक थर आहे, तो माणसांनीच लिहिला आहे आणि तो वाचता येतो. दुसऱ्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा लिनक्सचा मूळ कोड उघडला. दोन महिने फारसं काही कळलं नाही. मग एक फंक्शन कळलं. मग त्याला हाक मारणारं दुसरं.

रिचर्ड हिप यांची ओळख मला याच वाटेवर झाली. हे अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनाचे. इसवी सन २००० च्या सुमारास ते ‘ऑस्कर ऑस्टिन’ या युद्धनौकेसाठी एक प्रोग्राम लिहीत होते. लढाईत नळ फुटले तर झडपा कशा वळवायच्या हे सांगणारा. माहिती वेगळ्या डेटाबेस सर्व्हरवर होती. तो सर्व्हर बंद पडला की हिप यांच्या प्रोग्रामच्या खिडकीत ‘संपर्क होत नाही’ असा निरोप येई आणि बोल त्यांना लागे. त्यांना वाटलं, सर्व्हर हवाच कशाला? प्रोग्रामने सरळ फाइल वाचावी. त्यातून ऑगस्ट २००० मध्ये एसक्यूलाइट आली. ती आज तुमच्या फोनमध्ये आहे, अँड्रॉइड असो की आयफोन, आणि तिच्यावर कुणाचाही मालकी हक्क नाही, कारण हिप यांनी तो सोडून दिला आहे.

माझ्या मनात मात्र त्यांनी पुढे जे केलं ते घर करून राहिलं आहे. विमानात बसवायच्या सॉफ्टवेअरसाठी तेव्हा ‘डीओ-१७८बी’ नावाचं कडक मानक होतं. ते हिप यांच्या वाचनात आलं. त्यांच्यावर ते पाळायची सक्ती नव्हती. तरी त्यांनी ठरवलं, आपला डेटाबेस याच कसोटीवर तपासायचा. प्रोग्राममधला प्रत्येक ‘जर-तर’, त्यातली प्रत्येक अट, दोन्ही बाजूंनी खरोखर चालवून पाहायची. मे २०२३ च्या आवृत्तीत एसक्यूलाइटचा कोड सुमारे १ लाख ५६ हजार ओळींचा होता. तो तपासण्यासाठी लिहिलेला कोड ९ कोटी २० लाख ओळींचा. ५९० पट. निदान २०५० पर्यंत आम्ही ही सांभाळू, असं त्यांच्या छोट्या गटाने जाहीर करून ठेवलं आहे. पंचवीस वर्षं पुढचं वचन देणारं सॉफ्टवेअर मला दुसरं माहीत नाही. लग्नात मुलीला दिलेली, पिढ्यानपिढ्या टिकणारी तांब्याची कळशी असते, तशी हिप यांच्या कामाची घडण वाटते मला.

सिसिली बेटावरच्या साल्वातोरे सानफिलिप्पो यांची तऱ्हा वेगळी. वेबसाइटवर आत्ता या क्षणी कोण आलं आहे हे दाखवणारी एक सेवा ते चालवत होते. नेहमीचा डेटाबेस तो वेग पेलेना, म्हणून २००९ मध्ये त्यांनी सगळं मेमरीत ठेवणारा रेडिस लिहिला. त्यांचा कोड वाचताना लेखक शेजारी बसून समजावतो आहे असं वाटतं, इतक्या मायेने त्यात टिपा लिहिल्या आहेत. २०२० मध्ये त्यांनी ते काम दुसऱ्यांच्या हाती सोपवलं, एक विज्ञान कादंबरी लिहिली, ती २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि २०२४ च्या अखेरीस ते पुन्हा रेडिसकडे परतले.

जिम ग्रे यांच्याबद्दल मात्र घाईने लिहवत नाही. ‘ट्रान्झॅक्शन’ म्हणजे काय, तो सगळा व्हावा किंवा अजिबात होऊ नये म्हणजे काय, याची पायाभरणी करणाऱ्यांत ते अग्रणी. १९९८ चं ट्युरिंग पारितोषिक त्यांना याच कामासाठी मिळालं. आंद्रेआस रॉयटर यांच्याबरोबर लिहिलेल्या त्यांच्या हजार पानी ग्रंथाची सुरुवात सुमेरच्या मातीच्या पाट्यांपासून होते. माणूस लिहायला शिकला तोच मुळी देण्याघेण्याच्या नोंदी ठेवण्यासाठी, हे त्यांना पहिल्या पानावर सांगावंसं वाटलं. मला वाचताना आमचे दिवाणजी दिसले. पारितोषिक मिळाल्यावर ग्रे थांबले नाहीत. खगोलशास्त्रज्ञांच्या शेजारी बसून आकाशातल्या कोट्यवधी बिंदूंची नोंद कशी ठेवावी हे शिकू लागले, आणि स्लोन आकाश सर्वेक्षणाची माहिती कुणालाही विचारता येईल अशी त्यांनी उभी केली. त्याच सुमारास आपल्या पुण्यातही ‘आयुका’ ही खगोलविज्ञानाची संस्था आणि पर्सिस्टंट सिस्टिम्स ही सॉफ्टवेअर कंपनी यांनी मिळून भारतीय आभासी वेधशाळेचं काम हाती घेतलं होतं. पर्सिस्टंटची स्थापना १९९० मध्ये आनंद देशपांडे यांनी केली. त्यांची स्वतःची डॉक्टरेट डेटाबेस या विषयातली आहे, आणि कंपनीच्या नावाचा अर्थच ‘टिकून राहणारं’.

२८ जानेवारी २००७ रोजी ग्रे आपल्या आईच्या अस्थी समुद्रात सोडायला सॅन फ्रान्सिस्कोहून एकटे होडी घेऊन निघाले. ते परतले नाहीत. तटरक्षक दलाने शोध थांबवल्यावरही देशोदेशीचे त्यांचे स्नेही उपग्रहाची छायाचित्रं मिळवून, ती तुकड्या-तुकड्यांनी हजारो लोकांत वाटून समुद्राचा एकेक चौकोन पाहत राहिले. होडी सापडली नाही. आयुष्यभर काहीही हरवू नये म्हणून झटलेल्या माणसाला शोधण्यासाठी त्याच्या विद्येतल्या माणसांनी त्याच विद्येने जिवाचं रान केलं, हे मी अनेक नव्या मुलांना सांगितलं आहे.

कामाच्या या ओढीचा गैरफायदाही घेतला जातो, हे इथेच लिहायला हवं. कामावर प्रेम करणाऱ्याला रात्री दोनला उठवणं सोपं असतं. माझ्या ओळखीचा एक मुलगा सलग चार महिने एकटाच रात्रपाळीच्या फोनवर होता, कारण तो कधी नाही म्हणाला नाही. शेवटी तो आजारी पडला आणि हे क्षेत्रच सोडून गेला. तो आमच्यातला सगळ्यात चांगला वाचणारा होता. रात्रीचा फोन किमान सहा जणांत फिरला पाहिजे आणि दुसऱ्या दिवशी त्या माणसाला झोपू दिलं पाहिजे, एवढं ज्या व्यवस्थापनाला जमत नाही त्याने उमेदवाराच्या मुलाखतीत ‘पॅशन’ हा शब्द उच्चारू नये.

आमच्याकडे शनिवारी दुपारी एक वाचनगट भरतो, माझ्या घरी. पाच-सहा जण. कधी पवईच्या आयआयटीतले प्रा. सुदर्शन यांनी सिल्बरशात्झ आणि कोर्थ यांच्याबरोबर लिहिलेल्या डेटाबेसच्या पाठ्यपुस्तकातलं प्रकरण, कधी एखादा निबंध. एक जण वाचतो, बाकीचे अडवतात. चर्चा मराठीत होते आणि त्यामुळे लपायला जागा राहत नाही. ‘कन्सिस्टन्सी’ म्हणून मान डोलावणं सोपं असतं. ‘म्हणजे नेमकं कोणाला काय दिसणार?’ असं कुणी मराठीत विचारलं की समजलं आहे की नाही ते उघडं पडतं. आता कोड लिहून देणारी यंत्रं हाताशी आहेत आणि आम्ही ती सगळेच वापरतो. त्यामुळे ‘नेमकं कोणाला काय दिसणार’ हा प्रश्न विचारायला उलट जास्त वेळ मिळू लागला आहे.

गटात उदगीरकडची एक मुलगी आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग लातूरला डिप्लोमा, मग पुणे. तिला वाटलं, डेटाबेस वाचून कळत नाही, लिहून बघावा. दोन महिन्यांत तिने सहाशे ओळींचा एक छोटा डेटाबेस लिहिला. कीर्द, खतावणी, चेकपॉइंट, सगळं. गेल्या पावसाळ्यात एका शनिवारी ती आपला जुना लॅपटॉप घेऊन आली. त्याची बॅटरी काढून ठेवलेली, फक्त वायरवर चालणारा. शेजारी माझा लॅपटॉप ठेवला. तिचा डेटाबेस एकापाठोपाठ एक आकडा लिहिणार आणि डिस्कवर पक्का झाला की माझ्या लॅपटॉपला ‘झालं’ म्हणून कळवणार. मध्येच भिंतीवरचं बटण बंद करायचं. पुन्हा चालू करून बघायचं की कबूल केलेला प्रत्येक आकडा जागेवर आहे का.

सोळा वेळा बटण बंद केलं. सोळाही वेळा सगळं जागेवर. कुणीतरी भजी मागवूया म्हणालं.

सतराव्या वेळी माझ्या पडद्यावर शेवटचा कबूल आकडा ४१,८७२ होता. तिचा लॅपटॉप सुरू झाला, कीर्द वाचून झाली आणि शेवटचा आकडा दिसला ४१,८६९.

“सर, तीन कमी आहेत,” ती म्हणाली.

तिने तीन तास कोड वाचला. आम्ही भोवती बसलो होतो, पण मध्ये बोलायचं नाही असं तिनेच बजावलं होतं. मग ती एकदम हसली आणि एका पाठकोऱ्या कागदावर तिने चित्र काढलं. प्रत्येक नोंदीसाठी हमालाला वेगळी खेप नको, म्हणून तिने बऱ्याच नोंदी एका एफसिंकमध्ये बसवल्या होत्या. बरेच चांगले डेटाबेस असं करतात. पण हमाल वही घेऊन निघाल्यानंतर, तो तिजोरीपाशी असताना, ज्या तीन नोंदी आल्या त्यांनाही तिच्या कोडने त्याच खेपेत धरलं होतं. हमाल परत येऊन ‘ठेवली’ म्हणाला आणि तिने सगळ्यांना ‘झालं’ म्हणून सांगून टाकलं. त्या तिघी मागेच राहिल्या होत्या.

“यांनी पुढच्या खेपेला थांबायला पाहिजे,” ती म्हणाली, आणि नऊ ओळी बदलल्या.

मी विचारलं, आता किती वेळा तपासणार?

“आधी सोळा वेळा बरोबर आलं होतं ना, सर. शंभर तरी करू.”

बाकीचे एकेक करून गेले. चौतिसाव्या वेळेपर्यंत बाहेर अंधार झाला होता आणि पाऊस धरला होता. तिने आईला फोन करून उशीर होईल म्हणून सांगितलं, माझ्या पडद्यावरचा आकडा वहीत लिहून घेतला आणि बटण बंद केलं.